एका दिवसाचा प्रश्न

मी लेखा विभागात काम करतो. वर्षअखेरच्या संध्याकाळी साहेबांनी एका मोठ्या ऑर्डरचं बिल त्याच दिवसाच्या तारखेनं काढायला सांगितलं. माल गोदामातच होता, निम्मी खोकी बांधायची बाकी, ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार. साहेब म्हणाले, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

गेटवर जाऊन जावक रजिस्टर उघडलं. पानाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या होत्या, अनुक्रमांक मात्र घातलेले. म्हणजे मागाहून आजची नोंद घालायला जागा आधीच धरून ठेवली होती. माल गेल्याशिवाय त्या ऑर्डरची विक्री धरायची नाही, हे आमच्या कामातलं बाळकडू. शिवाय ती खोकी साठ्याच्या मोजणीतूनही वगळावी लागणार, म्हणजे आणखी एक खोटा कागद.

जिन्यात थांबून प्रार्थना केली. 'काय करू?' असं विचारलं नाही. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या 11व्या अध्यायाची सुरुवातच परमेश्वराला खोट्या तागडीचा वीट आहे, अशी होते. त्यावर परमेश्वराकडे नवा निरोप कसला मागायचा? 'प्रार्थना करून सांगतो' हे वाक्य आपण विश्वासी लोक पुष्कळदा माहीत असलेलं उत्तर लांबवायलाच वापरतो, असं माझं मत आहे. देवाकडे खूण मागायला गिदोनानं अंथरलेली लोकर सगळ्यांना आठवते. बायबलातल्या शास्ते या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचला तर दिसतं की इस्राएलाला सोडवायची आज्ञा त्याला आधीच झाली होती.

मला आठवला तो बायबलातला नहेम्या, पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. अर्तहशश्त राजानं 'तुझी विनंती काय?' म्हणून विचारलं, आणि उत्तर देण्याआधी उभ्या उभ्या त्यानं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. कोणत्या शब्दांत, ते लिहिलेलं नाही. मग राजाकडे मागितलं ते अगदी व्यवहाराचं: अधिकाऱ्यांच्या नावानं पत्रं, बांधकामाला लाकूड. हाच माणूस पुढे यहूदाचा सुभेदार झाला, तेव्हा 12 वर्षं त्यानं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. राजापुढचं ते धैर्य आणि हा चोख हिशेब मला वेगळे वाटत नाहीत.

माझं मागणं एवढंच होतं की 'नाही' म्हणताना जिभेवर टोमणा येऊ नये. राग आलेला होताच, आणि आपलं खरं असलं की माणसाला टोचून बोलायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं.

साहेबांना म्हटलं, "आजच्या तारखेचं बिल मी काढणार नाही. ट्रक आजच मिळतो का, बघतो. नाहीच मिळाला तर ऑर्डर पक्की आहे, माल उद्या निघतोय, असं वर लेखी कळवू. टिपण मी लिहून देतो."

"प्रार्थनेला जाणाऱ्या माणसांचा हाच ताप," ते म्हणाले.

ट्रक मिळाला नाही. बिल दुसऱ्या दिवशीच्या तारखेनं निघालं, विभागाचं टार्गेट हुकलं. टिपण साहेबांनी एक शब्दही न बदलता स्वतःच्या सहीनं वर पाठवलं. माझ्याशी मात्र ते अजूनही कामापुरतंच बोलतात.