पणजोबांची लिव्हर-ॲक्शन रायफल हातात येते तेव्हा

जुन्या कौटुंबिक रायफलीचं सगळ्यात मोठं नुकसान ती वारसाच्या हातात आल्यावर पहिल्या आठ दिवसांत होतं. कोणीतरी तारेचा ब्रश घेऊन नळीवरचा तांबूस थर खरवडतं, दस्त्याला पॉलिश पेपर मारून वर चकचकीत वॉर्निश चढवतं. भावना चांगलीच असते, पण त्या थरात आणि त्या काळवंडलेल्या लाकडात रायफलीची साक्ष असते आणि ती पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून अमेरिकेत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विंचेस्टर किंवा मार्लिन कंपनीची रायफल येणार असेल, तर आधी ती वाचायची. साफसफाई सगळ्यात शेवटी.

वाचण्याआधीही एक काम आहे. रायफल भरलेलीच आहे असं धरून चाला. लिव्हर-ॲक्शनमध्ये, म्हणजे चापाभोवतीची लिव्हर खाली-वर करून काडतूस चढवायच्या रायफलीत, काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक असतात. लिव्हर खाली ओढली, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामं दिसलं, म्हणजे रायफल रिकामी असं होत नाही. नळकांड्यातली स्प्रिंग गंजून अडकलेली असते, काडतूस पुढेच रुतून राहतं आणि महिनाभराने रायफल उभी-आडवी करताना मागे घसरून येतं. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर, लिव्हर पूर्ण उघडी, आणि मग टॉर्च लावून चेंबर व नळकांड्याचं मागचं तोंड दोन्ही पाहा. उजव्या बाजूची काडतूस भरायची झडप दाबली की आत पितळी बूड दिसतं की स्प्रिंगपुढची टोपी, ते कळतं. टोपी दिसली नाही तर रायफल रिकामी मानू नका. चेंबरमध्ये काडतूस अडकलं असेल तर तोंडाकडून गज घालून ठोकू नका, गनस्मिथकडे न्या.

आता ओळख. विंचेस्टरच्या १८७३ मॉडेलचा अनुक्रमांक खालच्या टँगवर असतो. टँग म्हणजे रिसिव्हरपासून (यंत्रणा बसवलेल्या मधल्या धातूच्या सांगाड्यापासून) दस्त्यात मागे गेलेली पट्टी. १८८६ मॉडेललाही तो तिथेच सापडतो. १८९२ आणि १८९४ मध्ये तो रिसिव्हरच्या खालच्या अंगाला, पुढच्या टोकाजवळ असतो. खास मागणीनुसार बनवलेल्या रायफलींवर टँगच्या कडेला, दस्त्याच्या खाचेत आणि बुडाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला आणखी एक लहान आकडा असतो. तो जुळवणीचा आकडा. घरची मंडळी पुष्कळदा त्यालाच अनुक्रमांक समजतात. मात्र तो तिन्ही ठिकाणी सारखा निघाला तर फार चांगली खूण, दस्ता मूळचाच आहे.

अनुक्रमांकावरून साल काढताना छापील तक्त्यांवर आंधळा विश्वास नको. प्रचलित तक्ते आणि कारखान्याच्या पॉलिशिंग विभागातल्या नोंदी काही मॉडेलांत जुळत नाहीत. एरवी एखाद्या वर्षाच्या फरकाने काही बिघडत नाही, पण १८९८ च्या आसपास बिघडतं. १९६८ च्या संघीय गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र 'अँटिक' ठरतं आणि त्या कायद्यापुरतं ते बंदुकीच्या व्याख्येतच येत नाही. परवानाधारक विक्रेता, चौकशीचा फॉर्म ४४७३, यातलं काही संघीय पातळीवर लागत नाही. यात बघायचं ते रिसिव्हरचं साल. दस्ता, नळी नंतर बदललेली असली तरी चालतं.

रायफल १८९९ किंवा नंतरची असेल तर देणारा हयात आहे की नाही, याने सगळं बदलतं. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या हयात काकांनी भेट म्हणून दिली, तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत घ्यावी लागते. गाडीच्या डिकीत टाकून आणणं हा गुन्हा आहे, मग नातं कितीही जवळचं असो. तीच रायफल मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आली तर संघीय कायदा ती थेट राज्याबाहेर नेऊ देतो. मात्र राज्यांचे नियम वेगळे, काही ठिकाणी पुष्कळ कडक. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोन्ही राज्यांचे नियम पाहूनच निघा. आणखी एक मोजमाप कोणाच्या लक्षात येत नाही. नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर राष्ट्रीय शस्त्र कायदा लागू होतो, आणि .४४-४० सारखं काडतूस आजही बाजारात मिळत असल्यामुळे १८९८ किंवा त्याआधीचं सालही इथे वाचवत नाही. आखूड नळीच्या काही जुन्या कार्बाइनना (रायफलीच्या आखूड प्रकाराला) संग्राह्य वस्तू म्हणून सूट मिळालेली आहे, पण ती त्या त्या रायफलीपुरती कागदावर असावी लागते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करा, तोंडाकडून सरळ काठी बोल्टला टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि मोजा.

विमानाने आणायची असेल तर रायफल रिकामी, कडक आवरणाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. ती अँटिक आहे म्हणून विमानतळावर यातलं काही सुटत नाही.

आता कौटुंबिक इतिहासाचा गाभा. वायोमिंगमधल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट आहे, त्यातल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे विंचेस्टरच्या मूळ वह्या आहेत. शुल्क भरून अनुक्रमांक कळवला की नोंदीचं पत्र मिळतं. १८९४ मॉडेलच्या नोंदी ३,५३,९९९ क्रमांकापर्यंत आहेत. ढोबळमानाने १९०७ नंतरच्या विंचेस्टर रायफलींना असं पत्र मिळत नाही. मार्लिनच्याही काही दशकांच्या नोंदी तिथेच आहेत. पत्रात काडतुसाचा प्रकार, नळी गोल की अष्टकोनी, चापाचा प्रकार, क्रमांक ठोकल्याची तारीख, गोदामातून बाहेर पडल्याची तारीख आणि ऑर्डर क्रमांक असतो. पणजोबांचं नाव बहुधा नसतं, कारण माल घाऊक व्यापाऱ्याकडे जायचा आणि वहीत कोणाचंच नाव लिहिण्याचा रिवाज नव्हता. 'पत्रात नाव नाही, म्हणजे आजीची गोष्ट खोटी' असं म्हणून पुष्कळजण खट्टू होतात. तसा अर्थ त्यातून निघत नाही.

पत्राचा उपयोग वेगळा आहे. गोष्ट लवकरात लवकर कधीची असू शकते, याची हद्द मिळते. रायफल कारखान्यातून निघाली त्याआधी ती कोणाच्या हातात असू शकत नाही. पणजोबांनी १८८५ साली थर्टी-थर्टी घेऊन पश्चिमेकडे प्रस्थान ठेवलं, असं घरात सांगत असतील तर ते शक्य नाही, कारण .३०-३० काडतूस बाजारात आलं १८९५ मध्ये. बहुधा दोन रायफलींच्या गोष्टी एकात मिसळलेल्या असतात. मग जमिनीच्या कागदांकडे वळा. होमस्टेड कायदा १८६२ चा. त्याखाली मिळालेल्या जमिनींचे पट्टे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या नोंदींत नावाने शोधता येतात. जनगणनेच्या नोंदी दर दहा वर्षांच्या, फक्त १८९० ची जवळपास सगळी गेलेली आहे. १९२१ च्या आगीत ती खराब झाली आणि उरलेलीही पुढे नष्ट झाली. कुटुंब कुठल्या साली कुठे होतं याची अशी रेघ तयार झाली की रायफलीची तारीख तिच्यावर ठेवून पाहायची.

जुना फोटो असेल तर सोनंच. फोटोतली रायफल हीच, हे ठरवायला मॉडेल जुळून पुरत नाही. दस्त्यावरचा टवका, नंतर बसवलेला स्क्रू, बदललेली माशी (नेम धरायचा नळीच्या तोंडाजवळचा खुंट) अशी अंगावरची खूण जुळायला हवी. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला गोष्ट ठाऊक आहे, त्याच्याकडून ती लिहून घ्या. मॉडेल, अनुक्रमांक, कोणाकडून कोणाकडे आणि साधारण कधी, हे सगळं एका कागदावर, सही नोटरीसमोर. अनुक्रमांक नसलेलं निवेदन कुठल्याही रायफलीला चिकटवता येतं, म्हणून त्याला वजन नसतं. हे काम पुढे ढकलू नका. मूल्यांकन करून घ्यायचं असेल तर ज्याला ती विकत घ्यायची नाही अशा माणसाकडून घ्या, आणि भावंडं असतील तर तो आकडा सगळ्यांसमोर ठेवून मगच वाटणी करा.

रायफल मूळ रूपात आहे का, हे पाहायला उजेड आणि सबुरी लागते. १८७३ ची रायफल नेहमी २४ इंचांची, कार्बाइन २० इंचांची. १८९४ ची रायफल २६, कार्बाइन २०. मधलाच आकडा निघाला आणि पत्रात तशी खास मागणी नसेल, तर नळी कापलेली असण्याची शक्यता मोठी. मग माशी आणि तोंड यांतलं अंतर विचित्र दिसतं, तोंडाची कड हाताने घासल्यासारखी असते. रिसिव्हरच्या कडा बोथट, अक्षरं पुसट आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा असेल, तर कोणीतरी बफिंग करून पुन्हा निळा रंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) चढवला आहे. मूळ दस्ता धातूपेक्षा केसभर वर असतो, तो धातूच्या खाली गेला असेल तर लाकूड घासलेलं आहे. अंडाकृतीत डब्ल्यू आणि पी गुंफलेला शिक्का विंचेस्टर १९०५ पासून मारू लागली. जुन्या क्रमांकाच्या रायफलीत तो फक्त नळीवर दिसला, तर नळी नंतरची.

तरीही कुटुंबाच्या रायफलीला हे निकष संग्राहकासारखे लावू नयेत असं मला मनापासून वाटतं. आजोबांनी फुटलेला दस्ता तांब्याच्या तारेने बांधला असेल, तर बाजारात किंमत उतरते, पण ती तार काढून टाकणं म्हणजे आजोबांना काढून टाकणं आहे.

चालवायची असो वा नसो, यंत्रणा तपासून घ्या. रिकाम्या रायफलीचा घोडा अर्ध्या खटक्यावर ठेवून चाप जोरात ओढा. घोडा पडला तर खाच झिजलेली किंवा तुटलेली आहे. पूर्ण खटक्यावर ठेवून अंगठ्याने घोडा पुढे रेटा, तेव्हाही तो सुटता कामा नये. लिव्हर बंद असताना लोंबत असेल तर पिना झिजल्यात. हेडस्पेस म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडाची जागा यांतलं अंतर. .३०-३० मध्ये ते ०.०६३ ते ०.०७० इंच असावं, आणि ते गेजनेच कळतं. १८७३ मध्ये बोल्टला मागून आधार देतात त्या दुमडणाऱ्या कड्या, ठोस लोखंड नव्हे. कड्यांची भोकं झिजली की बोल्ट दर बाराला जरा मागे सरकतो आणि वापरलेल्या काडतुसाचा प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) बाहेर डोकावतो. असं दिसलं की तिथेच थांबा.

याच कड्यांमुळे १८७३ मध्ये जोरदार काडतूस घालायचं नाही. .४४-४० मधला ४० म्हणजे ४० ग्रेन काळी दारू, आणि रायफल तेवढ्याच दाबासाठी बनलेली. तेच काडतूस १८९२ मध्येही बसतं आणि ती यंत्रणा कितीतरी मजबूत, म्हणून तिच्यासाठी वेगवान काडतुसं निघाली. ती जुन्या खोक्यात सापडली तर १८७३ पासून लांब ठेवा. .४४-४० च्या जुन्या नळ्यांचा आतला व्यास सारखा नसतो. तेल लावलेली मऊ शिशाची गोळी गजाने नळीतून हळूहळू ढकलून बाहेर काढायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. ०.४२७ इंच हा ठरलेला आकडा, पण ०.४३० च्या पुढेही निघतात. गोळी त्यापेक्षा लहान असली की नेम लागत नाही आणि शिसं नळीत चिकटतं. नळकांड्यात टोकदार गोळीची काडतुसं कधीही नकोत. पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर मागच्याचं टोक टेकलेलं असतं आणि बाराच्या धक्क्याने तो पेटू शकतो. चपट्या किंवा गोल टोकाचीच घ्यायची.

आता साफसफाई. लाल, भुरभुरीत गंज काढायचा. घट्ट बसलेला तपकिरी थर ठेवायचा. गंजावर पातळ भेदक तेल लावून दोन-तीन दिवस सोडा, मग १९८२ पूर्वीच्या अमेरिकन पेनीच्या कडेने खरवडा. ती ९५ टक्के तांबं असल्यामुळे पोलादापेक्षा मऊ, गंज निघतो आणि पृष्ठभागाला ओरखडा जात नाही. निळा रंग शिल्लक आहे तिथे स्टील वूल लावू नका. स्क्रूच्या खाचा अरुंद आणि समांतर असतात, घरातला निमुळता पेचकस घसरून खाच फाडतो, आणि विंचेस्टरचे आटे प्रमाणित नसल्यामुळे दुकानातला नवा स्क्रू बसत नाही. समांतर पात्याचा, खाचेत गच्च बसणारा पेचकस घ्या, आदल्या दिवशी तेलाचा थेंब सोडा. नळी तोंडाकडून पुसावी लागते, तेव्हा गज तोंडाच्या कडेला घासणार नाही अशी मार्गदर्शक टोपी वापरा. बऱ्याच जुन्या लिव्हर-ॲक्शनचा नेम गोळ्यांनी नव्हे, गजाने घालवलेला असतो.

शेवटी धातू आणि लाकूड दोन्हीवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. रायफल चामड्याच्या म्यानात ठेवू नका; चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार पोलाद खातात. म्यानही कुटुंबाचंच असेल तर ते शेजारी वेगळं ठेवा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा, आणि रायफल उभी करायची तर तोंड खाली, नाहीतर तेल वर्षानुवर्षं मागे उतरून टँगजवळचं लाकूड काळं आणि भुसभुशीत करतं.