टॅपेट नव्हे, मॅनिफोल्ड: जुन्या आठशेची टकटक

आमची मारुती आठशे 2003 ची. घर गुहागरला, समुद्राच्या अगदी कानाशी. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजायचाच, त्याचं आता काही वाटत नाही. इंजिनाने मात्र कधी त्रास दिला नव्हता. गेल्या थंडीत सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून बारीक, कोरडी टकटक यायला लागली. रेस वाढवली की तीही वाढायची आणि इंजिन तापलं की हळूहळू नाहीशी व्हायची.

गाडीचा आवाज म्हटला की येणारा-जाणारा डॉक्टर होतो. एक म्हणाला पेट्रोलमध्ये भेसळ, दुसरा म्हणाला इंजिनाच्या आतलं रॉड बेअरिंग गेलं. एका गॅरेजवाल्याने टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करून दिले, तरी आवाज जिथल्या तिथे. मग म्हणतो, "हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून बघावं लागेल." म्हटलं थांबा, अजून आवाज कुठून येतोय ते तर कळू दे.

आधी ऑइल बघितलं. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये, आणि ऑइलचा लाल दिवाही इंजिन लागताच विझत होता. बेअरिंगचा आवाज जड असतो, इंजिनाच्या पोटातून ठक्-ठक् येतो आणि तापल्यावर सहसा वाढतो. तसा असता तर गाडी जागेवरून हलवलीच नसती. मग फॅन बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. या गाडीत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात, त्यामुळे दोघांची बेअरिंग एका फटक्यात तपासून होतात. पंप बंद म्हणजे पाणीही फिरत नाही, म्हणून जास्त वेळ चालवायचं नाही. टकटक होतीच. दोघेही सुटले.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. हेड कव्हरवर नेहमीची टिकटिक, ब्लॉकवर काही नाही. गंमत म्हणजे मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला नुसत्या कानाला आवाज मोठा, पण स्क्रू-ड्रायव्हरमधून काहीच खास नाही. म्हणजे आवाज लोखंडातून येत नव्हता, हवेतून येत होता. मग सुपारीला पाणी लावायच्या पाइपाचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाला धरलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. एका ठिकाणी असा फट्-फट् आवाज आला की मी कान बाजूला घेतला. (हे करताना बाह्या, ओढणी, केस सांभाळा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो केव्हा सुरू होईल सांगता येत नाही.)

ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत चिपळूणला. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "चढावाला काय करते?" धोपाव्याला फेरीबोटीतून उतरलं की वर यायला चांगला चढ आहे. तिथे इंजिन तापलेलं असूनही टकटक परत यायची. "मग टॅपेट नाय तो. गाडी रात्री हितंच ठेवा, सकाळी गार असताना बघतो."

सकाळी त्यांनी इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढली. तीनपैकी एका सिलिंडरची वायर निघताच टकटक एकदम मंदावली. टॅपेट असता तर स्पार्क गेल्याने त्याला काही फरक पडला नसता. मग मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा काढून त्यांनी उदबत्ती इंजिन आणि मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ धरली. धूर सरळ वर जात होता, एका स्टडपाशी (मॅनिफोल्ड आवळून धरणाऱ्या बोल्टपाशी) मात्र झटके खात बाजूला फेकला जात होता. तिथेच काजळीचा काळा ओघळही होता. म्हणजे धूर तिथून गळत होता.

आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला 900 फेरे (आरपीएम) धरले तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 450 वेळा धूर बाहेर टाकतो. व्हॉल्व्हही त्याच तालावर उघडतात, म्हणून नुसत्या तालावरून टॅपेट की लीक हे ठरवता येत नाही. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावला की फट मिटायची, आणि चढावाला दाब वाढला की पुन्हा फुंकायची. शिवाय हा धूर बॉनेटखालून आत केबिनमध्ये येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, तेव्हा नुसता आवाज आहे म्हणून सोडून देण्यातली गोष्ट नाही.

स्टड गंजून आधीच तुटला होता. उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून, गंज सोडवायचं तेल मारून मारून तो निघाला. यातच दुपार गेली. मॅनिफोल्डची इंजिनाला टेकणारी बाजू सपाट आहे ना ते पट्टी लावून तपासलं, सांध्यात नवं गॅस्केट घातलं, नट मधून सुरू करून कडेकडे आवळले. हेडच्या अंदाजाच्या मानाने खर्च किरकोळ. थोडे दिवस गाडी चालवून गार इंजिनावर नट पुन्हा आवळून घ्यायला त्यांनी बोलावलं होतं, तेही झालं.

तो उष्णतेचा पत्रा अजून डिकीतच आहे. त्याच्या बोल्टची भोकं गंजून मोठी झाली आहेत, रुंद वॉशर टाकून बसवावा लागेल. जवळून वायरिंग जातं, म्हणून पावसाच्या आत ते काम उरकायचं आहे.