भूकंपाच्या आधीचे लिस्बन आणि नंतरचे लिस्बन

लिस्बनची छोटी सहल आखताना प्रेक्षणीय स्थळांची यादी करण्याआधी एक तारीख लक्षात ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाचा तो दिवस होता, चर्चमध्ये माणसे दाटलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. सकाळी साडेनऊनंतर भूकंपाचे प्रचंड धक्के बसले, पाठोपाठ तेजो नदीच्या मुखातून समुद्राची लाट आत शिरली, आणि मग लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्यातच गेला. त्याला लागून असलेली ‘काझा दा इंदिया’ ही कचेरीही गेली, आणि गोवा, कोची, दीव इथल्या व्यापाराचे तिथे साठलेले दप्तरही नष्ट झाले. ज्या लिस्बनमधून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याकडे गलबते निघत होती, त्या शहराचा गाभा आज उभाच नाही.

एवढे समजले की आखणी सोपी होते. भूकंपातून वाचलेले जुने लिस्बन प्रामुख्याने दोन टोकांना सापडते: पश्चिमेला नदीमुखाजवळचे बेलेम आणि पूर्वेला किल्ल्याच्या टेकडीवरची आल्फामा वस्ती. या दोन्हींच्या मध्ये, गाळाच्या सपाट जमिनीवर, भूकंपानंतर नव्याने बांधलेले शहर आहे. बेलेम आणि आल्फामा यांना प्रत्येकी एक पूर्ण दिवस द्यायचा आणि उरलेला वेळ मधल्या शहरात घालवायचा, असे मी ठरवले. बरोबर आई होती. तिचे गुडघे चढणीला फारशी साथ देत नाहीत, त्यामुळे आखणीत वारांइतकाच विचार चढउतारांचाही करावा लागला.

वारांचे गणित लिस्बनमध्ये फार महत्त्वाचे आहे. बेलेमचा मठ आणि मनोरा तसेच शहरातली बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, गुल्बेंकियान संग्रहालयाला मंगळवारी सुट्टी असते, तर कार्मोच्या मठाचे अवशेष रविवारी पाहता येत नाहीत. आम्ही रविवारी संध्याकाळी पोहोचणार होतो, म्हणून सोमवार मधल्या शहरासाठी आणि कार्मोसाठी ठेवला, मंगळवार बेलेमला आणि बुधवार आल्फामाला दिला. व्हिसाबद्दल एवढेच सांगते की शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणे अवघड असल्याने हे काम तिकिटांच्याही आधी हाती घ्यावे.

राहण्याची जागा मी मुद्दाम रोसियू चौकाजवळ, सपाटीवर निवडली. विमानतळावरून मेट्रोची लाल मार्गिका घेऊन आलामेदा स्थानकात हिरव्या मार्गिकेवर गाडी बदलली की थेट तिथे पोहोचता येते. हा सगळा मधला भाग ‘बैशा’ म्हणून ओळखला जातो. राजा जुझे याचा मंत्री, पुढे मार्केश द पोंबाल या किताबाने प्रसिद्ध झालेला, याने हे सरळ रस्त्यांचे शहर उभारून घेतले. सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी त्यांची नावे धंद्यांवरूनच पडली आहेत. इमारतींच्या भिंतींच्या आत लाकडी वाशांचा एक आडवा-उभा-तिरका सांगाडा बसवलेला आहे. धक्का बसला तर दगडमाती ढासळावी पण सांगाड्याने घर तोलून धरावे, या हिशेबाने केलेली ही बांधणी युरोपातील भूकंपरोधक बांधकामाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी मानली जाते. बाहेरून हे काहीच दिसत नाही. पण एकसारख्या खिडक्यांच्या त्या ओळींपुढून चालताना सांगाड्याची माहिती असली, तर रुक्ष वाटणारे रस्ते एकदम वेगळे भासू लागतात.

रस्ते नदीकाठच्या व्यापार चौकात येऊन संपतात. राजवाडा इथेच होता, आणि ‘काझा दा इंदिया’ही इथेच. चौकाच्या मध्यभागी जुझे राजाचा १७७५ सालचा अश्वारूढ पुतळा आहे. बहुतेक लोक समोरून छायाचित्र काढून निघून जातात, मात्र चौथऱ्याला वळसा घातला की बाजूच्या शिल्पसमूहात एक हत्ती दिसतो. हा पुतळा उभा राहिला तेव्हा चिमाजी अप्पांनी वसई जिंकून छत्तीस वर्षे झाली होती आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांचा सुपीक मुलूख त्यांच्या हातून गेलेला होता. तरीही राजधानीच्या दर्शनी चौकात, साम्राज्याची खूण म्हणून पूर्वेचा तो प्राणी हवाच होता.

बेलेमला जायला १५ क्रमांकाची ट्राम किंवा काइस दु सोद्रे स्थानकावरून कास्काइसकडे जाणारी लोकल असे दोन पर्याय आहेत. मला लोकल आवडली, कारण ती नदीच्या काठाकाठाने जाते आणि बसायला जागा मिळते. जुलै १४९७ मध्ये वास्को द गामा याच किनाऱ्यावरून निघाला. जेरोनिमोस मठाचे बांधकाम त्यानंतर काही वर्षांतच सुरू झाले. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर लावलेल्या सुमारे ५ टक्के कराच्या पैशांतून ते चालले, म्हणजे आपल्या बंदरांतून गेलेल्या मालाचा वाटाही या पांढुरक्या दगडात आहे. मठाच्या चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश यांची कबर आहे. गामाचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीला झाला आणि त्याचे दफन आधी तिथेच झाले होते. गर्दी या दोन कबरींभोवती असते. पुढे, मुख्य वेदीजवळ, मानुएल राजाची शवपेटी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहे. आई त्या हत्तींसमोर बराच वेळ उभी होती. आपल्याकडे देवळाच्या पायथ्याशी गजथर असतो, इथे तो राजाच्या शवपेटीखाली आहे, असे ती म्हणाली.

बेलेमच्या मनोऱ्यापाशी मात्र मला एकाच गोष्टीची ओढ होती. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला होता. अल्बुकर्कने तो १५१५ च्या आरंभी गोव्याहून मानुएल राजाकडे रवाना केला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीच पळून गेला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने गेंड्याला न पाहता, केवळ वर्णन आणि रेखाटनाच्या आधारे, ते जगप्रसिद्ध चित्र काढले. पुढे पोपला भेट म्हणून पाठवले जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि गेंडाही त्यात गेला. मनोरा त्याच सुमारास बांधला जात होता. त्याच्या वायव्येकडील बुरुजाच्या तळाशी, कोनाच्या टेकूसारखे, गेंड्याचे डोके कोरलेले आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने शिंग झिजून गेले आहे, जबडा आणि कपाळाचा गोलवा तेवढा उरला आहे. आत जाण्याच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही, तो बाहेरूनच दिसतो. दुर्बीण मात्र जरूर न्यावी. मनोऱ्याच्या आतल्या अरुंद जिन्यापेक्षा हा वेळ अधिक सार्थकी लागतो, असे माझे मत आहे.

जवळच काँक्रीटचे भव्य ‘शोधयात्रांचे स्मारक’ आहे, ते १९६० मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पूर्ण झाले. गलबताच्या आकारावर हेन्री राजपुत्राच्या मागे वास्को द गामा, अल्बुकर्क, सेंट फ्रान्सिस झेवियर अशी मंडळी रांगेने कोरलेली आहेत. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या वर्षी गोव्याचे कितीतरी स्वातंत्र्यसैनिक तुरुंगात होते, त्याच वर्षी हे स्मारक उभे राहिले, हे मनातून जात नव्हते. म्हणूनच बेलेम पाहून लिस्बन पाहिले असे कुणी समजू नये, असे मला तळमळीने वाटते. बेलेम ही कथेची एक बाजू आहे, दुसरी आल्फामाच्या उंबरठ्याशी आहे.

आल्फामाची टेकडी चढायला लोक २८ क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामसाठी तासभर उभे राहतात, आणि तीत खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. त्यापेक्षा बैशातल्या फांकेरूश रस्त्यावरची सार्वजनिक लिफ्ट घ्यावी. तिला पैसे पडत नाहीत, आणि वर थोडे चालून गेल्यावर दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या बरीच जवळ नेऊन सोडते. आईचे गुडघे या दोन लिफ्टनी सांभाळले. फरसबंदीचे छोटे पांढरे दगड पावसात निसरडे होतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट हवेतच.

नदीच्या बाजूने पायथ्याशी यावे, तर ‘काझा दुश बिकुश’ ही हिऱ्याच्या पैलूंसारख्या टोकदार दगडांनी मढवलेली इमारत लागते. अल्बुकर्कच्या मुलाने ती १५२३ मध्ये बांधली. वरचे मजले भूकंपात कोसळले आणि ते थेट विसाव्या शतकात पुन्हा उभारले गेले. तिथे आता नोबेल पारितोषिक विजेते लेखक जुझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे. वर सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे एक चित्र आहे. त्यात भूकंपाआधीचा राजवाडा आणि चौक दाखवला आहे. सोमवारी आपण जिथे उभे होतो तीच जागा ओळखता येते का, हे तिथे थांबून पाहावे.

शहराच्या मुख्य चर्चशेजारी अल्जुब ही जुनी तुरुंगाची इमारत आहे. १९२८ ते १९६५ या काळात तिथे राजकीय कैदी ठेवले जात, आणि २०१५ पासून तिथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे संग्रहालय आहे. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात ते सहसा नसते. एकांतवासाच्या कोठड्या जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा. एका मजल्यावर वसाहतींतील स्वातंत्र्यलढ्यांना जागा दिलेली आहे. तिथे आईने मोहन रानड्यांचे नाव काढले. ती सांगलीची, आणि रानडेही सांगलीचे. गोव्याच्या लढ्यात १९५५ मध्ये पकडले गेलेल्या रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली, १९६० मध्ये पोर्तुगालला नेण्यात आले, आणि गोवा मुक्त होऊनही सात वर्षे ते तिथल्या तुरुंगात खितपत राहिले. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी चळवळ चालवली, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. आईला शाळेत असताना वर्तमानपत्रात वाचलेली ती बातमी आठवत होती. ते जिथे होते तो काशियासचा किल्ला बेलेमच्या पुढे, कास्काइसच्या त्याच लोकल मार्गावर आहे. आदल्या दिवशी आमच्या गाडीच्या स्थानकांच्या यादीत ते नाव तिने वाचले होते, आणि माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

तिच्या आग्रहाने आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा कार्मोच्या चौकात गेलो. बैशा-शियादु मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यांनी ही उंची विनासायास चढता येते. सोमवारी आम्ही तिथे पाहिला होता तो छप्पर नसलेला गॉथिक मठ: भूकंपाने उघडा पाडलेला आणि तसाच राखलेला, वर नुसत्या कमानी आणि आकाश. आता आम्ही शेजारच्या लष्करी छावणीसमोर उभे राहिलो. २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी याच इमारतीला वेढा घातला, आत अडकलेला पंतप्रधान कायतानु शरण आला आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली. नव्या सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. गोव्याच्या इतिहासाशी नाते सांगणाऱ्या कुणालाही हा चौक बेलेमच्या मठाइतकाच महत्त्वाचा वाटायला हवा.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. टेबलावर न मागता ठेवलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर परत करावेत. शाकाहारी माणसाने भाज्यांचे सूप मांसाचा तुकडा न घालता मागावे. कॉफीच्या दुकानांत ‘शमूसा’ मिळतो, आकाराने आणि चवीने थेट आपला समोसा, पण बहुतेकदा मांसाचे सारण असलेला, म्हणून आधी विचारावे. बेलेमला १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातले कस्टर्डचे पेस्त्री गरम असतानाच खावेत. त्यात अंडे असते.

सिंत्राचे राजवाडे आम्ही वगळले. रोसियूहून तासाभरात तिथे जाता येते हे खरे, पण मोजक्या दिवसांच्या भेटीत अख्खा दिवस त्यात जातो आणि तो जवळजवळ नेहमीच आल्फामाच्या वाट्याचा कापला जातो. त्याऐवजी शेवटच्या सकाळी आम्ही जुन्या माद्रे द देउश मठातले टाइल्सचे संग्रहालय पाहिले. इसवी सन १७०० च्या सुमाराचे, सुमारे २३ मीटर लांबीचे भूकंपपूर्व लिस्बनचे चित्र तिथे टाइल्सवर आहे. बेलेमचा मनोरा, नदीकाठचा राजवाडा, काझा दुश बिकुश, किल्ला, सगळे त्यात ओळीने सापडते. वार जुळत असतील आणि दुरुस्तीमुळे संग्रहालय बंद नाही याची खात्री करून घेतली असेल, तर हे चित्र पहिल्याच दिवशी पाहावे. बोट ठेवून एकेक इमारत शोधावी आणि मग त्यातले काय उरले आहे ते पाहायला शहरात उतरावे.