‘सेट’ची वही : चौथा महिना

वहीत आजवर ५८ ओळी आखल्या, त्यातल्या ३७ भरल्या. नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम परत सांगते. इंग्रजी ‘सेट’ या क्रियापदाचे जेवढे अर्थ सापडतील तेवढ्या ओळी आखायच्या आणि प्रत्येकीसमोर मराठी क्रियापद लिहायचं. कोशातून उचललेलं चालत नाही. इथे गुहागरात कुणाच्या तरी तोंडून, आपण न विचारता, ते ऐकू आलं पाहिजे. विचारलं की माणसं शाळेतलं मराठी बोलायला लागतात.

‘सेट’च का? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच क्रियापदाची होती, अर्थ ४३०. पुढे ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी ती गादी घेतली. पण ‘रन’च्या मागे मी काही धावणार नाही.

या महिन्यातली मोठी कमाई अंगणातच मिळाली. शेजारच्या आतेंनी कोंबडी रवणावर बसवली. तेवढं ऐकलं आणि मी वही आणायला आत पळाले. अंड्यांवर कोंबडी बसवणं याला इंग्रजीतही कोंबडी ‘सेट’ करणं असंच म्हणतात! आते म्हणाल्या, “कोंबडीचं काय लिहितेस गो वहीत? अंडी मोजून लिही, तेरा आहेत.” तेरा अंडीही लिहिली.

त्या रात्री व्युत्पत्ती पुन्हा काढून बसले. ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे, म्हणजे बसणे-बसवणे हीच जोडी. आपल्या पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांच्यासारखं स्वर बदलून प्रयोजक करायची ती जुनी जर्मानिक रीत. इंग्रजीत ‘फॉल’-‘फेल’ (पडणे-पाडणे) आणि ‘लाय’-‘ले’ (आडवं होणे-आडवं ठेवणे) असे थोडे अवशेष तिचे उरलेत. मूळ धातूचं नातं तर संस्कृत ‘सद्’शी लागतं, म्हणजे परिषद, संसद, उपनिषद ही सगळी त्याच घरची माणसं. आपलं ‘बसणे’ मात्र त्या घरचं नव्हे. ते जुन्या ‘बैसणे’तून आलं आणि ‘बैसणे’ ‘उपविश्’मधून. दोन वेगळ्या मुळांनी एकच उद्योग केला याचं मला फार कौतुक वाटलं.

मग ‘बसवणे’ने सपाटाच लावला. निखळलेलं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, भिंतीत चिरे बसवतात. एका दिवसात चार ओळी भरल्या.

चिऱ्यांवरून गवंड्याकडे गेले तर पंचाईत. सिमेंटला तो काय म्हणतो ते ऐकायला तासभर उन्हात उभी राहिले, आणि तो हेल्परला म्हणाला, “हात लावू नको, सेट होऊ दे.” घ्या! ओळीत ‘सेट होणे’च लिहिलं, नियम पाळला. इथे समानार्थी शब्दांचा एक सापळा कळला. समानार्थी म्हणून ‘हार्डन’ दिलेलं असतं, पण सिमेंट सेट होतं काही तासांत आणि पुढे २८ दिवस पाणी पीत कठीण होत राहतं. ‘कन्जील’ही त्याच यादीत असतो, त्याला आपलं थिजणं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून आमच्याकडे ते पौषातल्या मोजक्या सकाळीच. रक्त गोठतं, वडी पडते, दही लागतं. घट्ट होण्याच्या एका कल्पनेला आपण एवढी क्रियापदं का बाळगतो कोण जाणे, पण वडी ‘गोठली’ म्हणणाऱ्या सुनेला कुणी पुन्हा कढईजवळ उभं करणार नाही.

मोहोराचं फळ होणं यालाही इंग्रजीत ‘सेट’च म्हणतात; ती आंब्याची ओळ पुस्तकी शब्दावर अडली होती. फवारणीच्या पत्रकांत ‘फळधारणा’ असते. बागेत राखण करणारे काका मोहोराकडे बघून परवा म्हणाले, “यंदा फुललाय भरपूर, धरला मात्र नाही.” मोहोराच्या एका तुऱ्याला फुलं शेकड्यांनी, कणी, वाटाणा, गोटी, सुपारी एवढं होत होत शेवटाला एखाद-दोन फळं. त्यामुळे ‘धरणे’ हा शब्द तिथे जीव मुठीत धरल्यासारखा वाटतो. काका हिशेब लावत होते, मी शब्द टिपत होते. जरा लाज वाटली.

एक चूक दुरुस्त करते. मागच्या नोंदीत चहाचा सेट आणि गणितातला संच याच वहीत घातले होते. संच या अर्थाचं ते नाम जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन ‘सेक्टा’कडून आलेलं आहे, क्रियापदाची सावली त्याच्यावर नंतर पडली. दोन्ही ओळी खोडल्या. ५८ हा आकडा त्या सोडून.

ताट ‘मांडणे’ आणि घड्याळ ‘लावणे’ सहज मिळाले. समुद्राचा प्रवाह ज्या दिशेला वाहतो तिला दर्यावर्दी इंग्रजीत ‘सेट’ म्हणतात. त्यासाठी असगोली गावच्या किनाऱ्यावर दोनदा गेले. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), ओढ असं खूप ऐकलं, पण सगळी नामं. क्रियापद हाती लागलं नाही.

आणि हे ‘लागलं’ बघा. दही लागतं, झाडाला नारळ लागतात, बोट धक्क्याला लागते, आणि पोटात ढवळायला लागलं की तीच बोट माणसालाही लागते. आपला ‘सेट’ हाच असावा असा मला दाट संशय आहे. त्यासाठी वहीची मागची पानं राखून ठेवली आहेत.

मोसमी पाऊस ‘सेट इन’ होतो त्या ओळीसमोर काय यायचं ते मला ठाऊक आहे. पण ते ऐकायला हवं, आणि “मृग लागला” असं आमच्याकडे ७ जूनच्या आधी कुणी म्हणत नाही. तोवर ती ओळ कोरी.