रविवारची फायनल: एम्बाप्पेकडे नको, सहा नंबरकडे बघा

रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाशीत फायनल आहे. ऐरोली विरुद्ध ठाणे. पीएस फाइव्ह कन्सोलवर एफसी २६ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम, गेमप्लेचं सेटिंग कॉम्पिटिटिव्ह, सहा-सहा मिनिटांचे दोन हाफ, तीनपैकी दोन सामने जिंकेल तो विजेता. ऐरोलीचा मुलगा रेआल माद्रिद घेतो, ठाण्याचा पॅरिस सेंट-जर्मेन. मराठी समालोचन माझ्याकडे आहे. त्यासाठी दोघांच्या सेमीफायनलचं रेकॉर्डिंग मी थांबवून थांबवून पाहिलं. डोक्यात जे साचलंय ते आधीच लिहून टाकते, कारण सामना सुरू झाला की एवढं बोलायला उसंत मिळत नाही.

ग्रुपवर सगळी चर्चा एम्बाप्पेची चाललीय. साहजिकच आहे. रेआलचा हा स्ट्रायकर; गेमने दिलेला त्याचा पेस, म्हणजे वेगाचा आकडा, ९७, मोकळी जागा मिळाली तर मागून कोणी गाठत नाही, आणि शेजारी विनिसियस. पण माझं मत ठाम आहे: ही फायनल पुढच्या दोघांवर ठरणार नाही. ती ठरेल सहा नंबरवर, म्हणजे बचावफळीच्या जरा पुढे उभ्या असणाऱ्या मिडफिल्डरवर. चेंडू गेला त्या क्षणी तो आपल्या जागेवर सापडतो की नाही, एवढंच बघायचं. कॉलेजच्या संघात मी हीच जागा खेळायचे, त्यामुळे माझी नजर आधी तिथे जाते. पण या दोघांच्या खेळात पुरावाही तिथेच सापडतो.

ऐरोलीचा ४-४-२ लावतो, म्हणजे चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे. पुढे एम्बाप्पे आणि विनिसियस, डावीकडे बेलिंगहॅम, मध्ये चुआमेनी आणि व्हाल्वेर्दे, बचावाची लाइन वर. चेंडू मिळाला की दुसरा नाहीतर तिसरा पास थेट ट्रँगलच्या बटणावर, म्हणजे थ्रू बॉल, बचावफळीच्या मागे सोडलेला. त्याचा अंगठा इतका तयार आहे की एम्बाप्पेची धाव समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत पास निघालेला असतो. सेमीफायनलमधला पहिला गोल असाच आला. गोलकीपर कोर्त्वाने चेंडू हातात घेतला, लांब न मारता व्हाल्वेर्देला दिला, व्हाल्वेर्देने वळता वळता पुढे सोडला, आणि समोरचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, अजून पाठमोराच. इतका सरळ गोल बघायला मला मनापासून आवडतं.

गडबड सुरू होते ती चेंडू गेल्यावर. त्याला तो लगेच परत हवा असतो आणि त्यासाठी तो कंट्रोलरवरचं आर वन बटण दाबून धरतो. ज्यांनी कंट्रोलर हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बचाव करताना एका वेळी एकच खेळाडू तुमच्या ताब्यात असतो, बाकीच्यांना गेम हलवतो. आर वन दाबलं की जवळचा आणखी एक सहकारी चेंडूवाल्याच्या अंगावर जातो. दोघांनी असं घेरलं, म्हणजे प्रेस केलं, की चेंडू पुष्कळदा सुटतो, म्हणून ही सवय लागते. पण तो दुसरा कोण, हे तुम्ही ठरवत नाही. चेंडू मैदानाच्या मध्यभागी असेल तर ऐरोलीच्या संघात तो बहुतेक वेळा चुआमेनीच निघतो. म्हणजे मेन्यूत त्याला होल्डिंगचा, जागा धरून राहायचा रोल द्यायचा, फोकस डिफेंडवर ठेवायचा, आणि मग आपल्याच बोटाने त्याला तिथून उठवायचं.

दुसऱ्या हाफमधली एक फ्रेम मी बराच वेळ तशीच थांबवून ठेवली होती. चुआमेनी मधल्या वर्तुळाच्याही पलीकडे गेलेला. दोन्ही सेंटर बॅक मागे मागे सरकत बॉक्सजवळ आलेले. मधला सगळा पट्टा रिकामा. समोरच्याने त्याच पट्ट्यात पास दिला, घेणारा वळला, शॉट. तो पोस्टच्या बाहेरून गेला म्हणून स्कोअरमध्ये काही दिसलं नाही आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याबद्दल बोललंही नाही. ठाण्याचा मुलगा तिथून बाहेर मारणार नाही.

हे मी ऐरोलीवाल्याला सामन्यानंतर तोंडावर सांगितलं, त्यामुळे इथे लिहिण्यात चोरी नाही. तो म्हणाला, “ताई, मी प्रेस केलं नाही तर हा ठाण्याचा मला चेंडूच देणार नाही. सहा मिनिटं नुसता फिरवत बसेल.” त्याचंही खरं आहे. पॅरिसचा मिडफिल्डर व्हितिन्याच्या पायात चेंडू असताना नुसतं उभं राहून बघणं म्हणजे स्वतःचा हाफ फुकट घालवणं. प्रश्न प्रेस करायचं की नाही हा नाहीच, कुठे करायचं हा आहे. चेंडू साइडलाइनजवळ असेल, किंवा घेणारा आपल्याच गोलकडे तोंड करून उभा असेल, तर आर वन खुशाल दाबावं. तिथे लाइनच अर्धं काम करते, आणि मदतीला धावणारा बेलिंगहॅम नाहीतर फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, असतो, चुआमेनी नसतो. मध्यभागी मात्र त्या बटणावरून बोट उचलायचं. सांगायला सोपं आहे. चेंडू हरल्याच्या रागात ते करणं फार कठीण.

आता ठाण्याकडे येते. नौपाड्यात राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, मोजकं बोलणारा मुलगा. त्याचं ४-२-३-१, मागे व्हितिन्या आणि जोआओ नेव्हेस, डावीकडून क्वारात्सखेलिया, सगळ्यात पुढे देम्बेले. उजव्या बाजूला हकिमीला तो अटॅकिंग विंगबॅकचा रोल देतो, डावीकडच्या नुनो मेंडेसला मात्र साधा फुलबॅक ठेवतो. हकिमी वर गेला की मागे तिघंच उरतात आणि उजवीकडे मोठी जागा मोकळी पडते. बरोबर त्याच बाजूला विनिसियसला सरकायला आवडतं, एम्बाप्पेलाही. कागदावर हा रेआलसाठी आयता मेवा आहे, आणि ग्रुपवरचे ऐरोलीचे समर्थक याच भरवशावर आहेत.

त्यांनी त्याच्या सेमीफायनलचा पहिला हाफ परत बघावा. हकिमीचा क्रॉस अडला, चेंडू सुटला, समोरच्याचा डावा विंगर मोकळ्या जागेत पळत सुटला. इथे भलेभले घाबरतात, एल वन दाबून सेंटर बॅक मार्किन्योसला ताब्यात घेतात आणि त्याला बाहेर काढतात. या मुलाने उजवी स्टिक हलकेच ढकलून नेव्हेसला ताब्यात घेतलं. एल टू धरून, जॉकी करत, म्हणजे चेंडूवाल्याकडे तोंड ठेवून सरकत, तो तिरका तिरका मागे गेला. चेंडूच्या दिशेने नव्हे, तर चेंडू आणि बॉक्स यांच्या मधल्या रेषेकडे. टॅकलचं बटण त्याने दाबलंच नाही. विंगरला आत यायला वाट दिसेना. तो लाइनकडे गेला, थांबला, मागे पास दिला. तोवर हकिमी घरी पोहोचला होता. मार्किन्योस आणि पाचो आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते.

याचा हिशेब मांडून बघा. सहा मिनिटांत पंचेचाळीस मिनिटं बसवलेली असतात, म्हणजे आपला एक सेकंद हा खेळातले साडेसात सेकंद. नेव्हेसने मिळवलेले ते चार सेकंद पडद्यावरच्या घड्याळात अर्धं मिनिट भरतात. अर्ध्या मिनिटात संघ पुन्हा लागतो.

मी त्याला विचारलं, “टॅकल करावंसं वाटलं नाही?”

“ताई, सेंटर बॅकला हात लावला की मागे भोक पडतं. नेव्हेस चुकला तरी मागे दोघं उभे असतात.”

एवढंच बोलून तो पाणी प्यायला गेला. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. देम्बेलेचा वीक फूट पाच स्टार. इतर स्ट्रायकरना तुम्ही नावडत्या पायाकडे ढकलून शॉट हलका करू शकता. देम्बेलेला ढकलायला नावडती बाजूच नाही. त्यामुळे तो बॉक्सच्या कडेवर वळायच्या आत कोणीतरी समोर उभं हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे पुन्हा चुआमेनीच. कटबॅकचंही तसंच. हकिमी गोललाइनपर्यंत पोहोचतो, दोन्ही सेंटर बॅक गोलकडे तोंड करून धावत असतात, कोर्त्वा जवळचा पोस्ट धरतो, आणि चेंडू मागे येतो तो पेनल्टी स्पॉटवर. तिथे सहा नंबर उभा असेल तर तो पास अडतो. नसेल तर जगातला सर्वोत्तम गोलकीपरही काही करू शकत नाही.

कॉर्नर मात्र सरळ रेआलचे. हाउसन १.९७ मीटर, चुआमेनी, बेलिंगहॅम, मिलिताओ सगळे उंच. पॅरिसचे नेव्हेस आणि व्हितिन्या दोघेही पावणेदोन मीटरच्या आतले. ठाण्याने कॉर्नर द्यायचेच टाळावेत, याहून जास्त त्यावर सांगण्यासारखं नाही.

दोघं एकाच टीव्हीसमोर, एकाच सोफ्यावर बसणार आहेत. ऑनलाइन खेळणाऱ्यांना याचं वजन कळत नाही. शेजारच्याचा श्वास ऐकू येतो, बटणांचा आवाज ऐकू येतो. पॉज करून बदल केलात तर तुमचं टीमशीट त्यालाही दिसतं. ऐरोलीवाला आर वन जोरात दाबतो, ते माझ्या माइकवरसुद्धा येतं. ठाण्याच्या मुलाचे कान शाबूत असतील तर पहिल्या सामन्याच्या पंधराव्या मिनिटापर्यंत त्याला समजेल की दुसरा माणूस कधी येतोय, आणि तो एक पास मुद्दाम उशिरा देईल. चुआमेनी निघाला की मग. पहिल्या सामन्यात त्याने एकदा जरी असा पास दिला, तर पुढचे दोन सामने त्याच जागेत खेळले जातील.

सेमीफायनलला ठाण्याच्या मुलाची आई आली होती, डबा घेऊन. सामना संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “यात पुढे काही आहे का हो?” मी त्यांना खरं ते सांगितलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्स नुसतं प्रदर्शनापुरतं होतं, त्यात फुटबॉलसाठी कोनामीचा पीईएस खेळवला होता. हांगझोऊला २०२३ मध्ये तेच पदकासाठी झालं, एफसी ऑनलाइन त्यात होता, आणि चरणज्योत सिंग भारताकडून उतरला होता. त्याआधी २०२२ ला कोपनहेगनच्या फिफाई नेशन्स कपमध्ये आपला संघ खेळला. पोट भरेल का, हे मी सांगू शकत नाही, पण त्यांचा मुलगा जे करतो ते कसब आहे आणि जगात त्याला मान आहे, एवढं मी शपथेवर सांगेन. त्या म्हणाल्या, “मग फायनललाही येते.”

भाकीत. पहिला सामना कमी गोलांचा होईल. नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर ३० ऑक्टोबर २०२२ ला १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल मी स्टँडमध्ये बसून पाहिली होती. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तेही स्वयंगोलवर. स्पर्धाभर मोकळं खेळलेले संघ फायनलला जागा सोडायला तयार नसतात, आणि सोफ्यावरच्या फायनललाही हेच होतं. हा पहिला सामना रेआल एखाद्या कॉर्नरवर नेईल असं मला वाटतं. दुसऱ्यात ऐरोलीवाला आघाडीच्या जोशात प्रेस वाढवेल आणि तिथेच ठाणं त्याला गाठेल, दोन गोलांच्या फरकाने. तिसरा ठाण्याचा, २-१. दुसरा गोल कटबॅकवर.

हे उलटंही होऊ शकतं, आणि ते कसं होईल हेही सांगते. तिसऱ्या सामन्यात ऐरोलीवाल्याने चेंडू गेल्या गेल्या स्वतः चुआमेनीला ताब्यात घेतलं, त्याला जागेवर धरलं आणि प्रेसचं काम पुढच्या दोघांवर सोडलं, तर एम्बाप्पेला एक संधी पुरते. तेवढी शिस्त त्याच्यात आहे; क्वार्टर फायनलच्या शेवटच्या दहा मिनिटांत आघाडी सांभाळताना त्याने नेमकं हेच केलं होतं. म्हणून पहिल्या गोलपेक्षा पहिल्या हरलेल्या चेंडूकडे लक्ष ठेवा. रेआलचा चेंडू जाईल तेव्हा एम्बाप्पेला सोडून चुआमेनीला शोधा. तो दोन सेंटर बॅकच्या समोर दिसला तर माझं भाकीत धोक्यात आहे.

मी साडेचारपासून लाइव्ह असेन. ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक बघून घरून निघा, पहिला सामना कोणासाठी थांबणार नाही.