हाय खाल्लेली गाय

हिंगणा रस्त्यालगतच्या एका गोठ्यातील गवळाऊ जातीची गाय, वासरू दगावल्यापासून कुटाराला तोंड लावत नव्हती. "डॉक्टरसाहेब, हिनं हाय खाल्ली जी," असे मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि मला ते पटले. प्राण्यांना भावना असतात की नाही, हा माझ्या लेखी वादाचा विषय नाही. डार्विनने १८७२ सालीच माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारावर ग्रंथ लिहिला होता. वासरू दूर नेल्यावर गाईच्या डोळ्यांतील पांढरा भाग अधिक दिसू लागतो, हे नॉर्वेतील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले आहे. ताप किंचित होता, रवंथ मंदावले होते. पाचक औषध देऊन आणि दोन दिवस वाट पाहायला सांगून मी परतलो. ही माझी चूक होती.

तिसऱ्या दिवशी मी तपासणी सुरू न करता वीस मिनिटे तिच्यासमोर नुसता बसून राहिलो. वासराला शोधणारी गाय हंबरते, दावे ताणते, मान उंचावून कानोसा घेते. ही मात्र पाठ किंचित कमानीसारखी करून, पुढच्या पायांची कोपरे अंगापासून फाकवून, जागची हलत नव्हती. कान मागे ओढलेले होते, डोळ्यांवरचे स्नायू ताठ होते आणि नाकपुड्यांच्या वर सुरकुत्या पडल्या होत्या. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१५ साली वेदनेत असलेल्या गाईचा जो चेहरा वर्णिला, तो हाच. मालकांना आणि त्यांच्या मुलाला मी तिच्या छातीच्या हाडाच्या मागच्या टोकाखाली आडवा बांबू धरून हळूच वर उचलायला सांगितले. ती कण्हली, तो दबका, आत कोंडलेला आवाज मला अजून आठवतो. तिने तार गिळली असावी, असा मला संशय आला.

गाय चारा नीट न चावता गिळते. त्यातून गेलेली तार जाळीदार पोटात, म्हणजे तिच्या पोटाच्या हृदयालगतच्या कप्प्यात, अडकते आणि पोटाच्या आकुंचनाने पुढे सरकत हृदयापर्यंत पोहोचू शकते. त्याच संध्याकाळी डाव्या कुशीत भूल देऊन, गाय उभी असतानाच पोट उघडले. आत कोपरापर्यंत हात घातल्यावर बोटांना जाळीदार पोटाच्या पुढच्या भिंतीत रुतलेले टोक लागले. शेजारच्या बांधकामावरची, सळया बांधायची, बोटभर लांबीची तार. सुदैवाने ती हृदयापर्यंत गेली नव्हती.

मालकांचे निरीक्षण खोटे नव्हते. गाय बदलली आहे, हे माझ्याआधी त्यांना कळले होते. त्या बदलाला आम्ही दोघांनी कारण मात्र तपासणीआधीच चिकटवून टाकले होते.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. गाय ढेप खात होती, कान हलवत होती. मग थोडे थांबून ते म्हणाले, "काल राती वासराच्या खुंट्याकडं पाहून लय हंबरली जी. आता काय औषध द्याचं?" मी सांगितले की त्यावर माझ्याकडे औषध नाही, तिला एकटी ठेवू नका, दुसऱ्या गाईशेजारी बांधा. केसपेपरवर त्या दिवशीची नोंद केली: भूक चांगली, ताप नाही, हंबरते.