तुम्ही विचारलंत म्हणून: नवा आलाय तो घेऊ का?

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. कधी मावसबहिणीचा फोन, कधी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका, शब्द थोडे इकडेतिकडे पण मुद्दा तोच, "अरे तो नवीन लॅपटॉप आलाय ना, आधीच्यापेक्षा वीस हजार जास्त आहेत, पण घ्यावा का?" खरं तर मी कॉम्प्युटरवाला वगैरे नाही, सबटायटलं आणि भाषांतरं करून पोट भरतो, घरात अडलेला प्रिंटर चालू करता येतो एवढंच माझं क्वालिफिकेशन. तरी विचारलंत म्हणून सांगतो.

२०२२ मध्ये मी स्वतः यात दोन-तीन महिने घालवलेत. माझा आधीचा लॅपटॉप मरायला टेकला होता, बॅटरी पाऊण तास, बिजागरी ढिली, आणि मला अ‍ॅपलचा मॅकबुक एअर लॅपटॉप घ्यायचा होता. तेव्हा एम१ चिपवाला (म्हणजे कंपनीच्याच प्रोसेसरचा) नोव्हेंबर २०२० पासून बाजारात होता, ९२,९०० ला. जूनमध्ये अ‍ॅपलने एम२ जाहीर केला, किंमत १,१९,९००. मी म्हटलं झकास, आता जुना उतरेल, कारण मोबाइलपासून स्कूटरपर्यंत आपण हेच बघत आलोय की नवीन आलं की जुनं स्वस्त होतं. झालं उलटंच, जुन्याची छापील किंमत वाढून ९९,९०० झाली! रुपया तेव्हा घसरत होता हे खरं, पण मला आपलं वाटलं मी थांबलो म्हणूनच वाढवली.

तर फरक वीस हजारांचा. मग मी मॉलमधल्या दुकानात जाऊन दोन्ही शेजारी ठेवून बघितले, एकदा नाही तीनदा, तिथला पोरगा मला ओळखायला लागला होता. वीस हजारात काय मिळत होतं? स्क्रीन १३.३ इंचाची १३.६ झाली आणि जरा जास्त उजळ, ४०० निट्सची (उजेडाचं माप) ५००. कॅमेरा ७२० चा १०८०. चार्जरची पिन चुंबकाने चिकटणारी, म्हणजे वायरीत कुणाचा पाय अडकला तर लॅपटॉप खाली येत नाही, पिन सुटते (आमच्या हॉलमध्ये प्लग सोफ्याच्या मागे आहे आणि वायर कायम रस्त्यात, त्यामुळे या एका गोष्टीवर मी फार वेळ अडलो). वजन पन्नास ग्रॅमने कमी. रंग नवीन, त्यात एक निळसर काळा असा की हात लावल्याशिवाय राहवत नाही आणि हात लावला की बोटांचे ठसे. प्रोसेसर कंपनीच्याच म्हणण्यानुसार १८ टक्के फास्ट. आता मी देवनागरीत सबटायटल टाइप करणारा माणूस, मला १८ टक्के फास्ट करायचं तर आधी माझी बोटं बदलायला हवीत.

पण खरी गंमत मला घरी येऊन वेबसाइट बघताना कळली. दोन्ही मॉडेलांत रॅम, म्हणजे एका वेळी उघडलेली कामं जिच्यात मावतात ती मेमरी, आठच जीबी, आणि आठची सोळा करायचे पैसे किती, तर वीस हजार. म्हणजे नव्या डब्यातला आठ जीबी आणि जुन्या डब्यातला सोळा जीबी, दोघांची किंमत तंतोतंत तीच, १,१९,९००. आणि या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ती चिपच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते, घेताना जी घेतली ती शेवटपर्यंत. वर एम२ च्या सगळ्यात स्वस्त २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये स्टोरेजची एकच चिप, एम१ मध्ये दोन होत्या, त्यामुळे टेस्ट करणाऱ्यांना त्याचा रीड स्पीड, म्हणजे फाइल वाचायचा वेग, एम१ च्या जवळपास निम्मा मिळाला. म्हणजे वरचा १८ टक्क्यांचा आकडा एकीकडे आणि हा एकीकडे. दुकानात यातलं काही दिसत नाही हो, तिथे दिसतो तो रंग आणि स्क्रीन, आणि तिथे लॅपटॉपवर एकही फाइल नसते, त्यामुळे सगळेच पळतात.

इतकं सगळं कळूनही मी काय केलं, तर दिवाळीच्या सेलमध्ये आठ जीबीचाच एम१ घेतला. कारण सेल फक्त बेस, म्हणजे सगळ्यात स्वस्त मॉडेलवर होता आणि सोळावाला ऑर्डर देऊन मागवावा लागत होता, आणि आपल्याला सेल दिसला की पुढचं दिसत नाही. अजून त्याच्यावरच काम करतोय, हे पण त्याच्यावरच लिहितोय, तक्रार नाही. पण व्हिडिओ, सबटायटलचं सॉफ्टवेअर, ब्राउझरचे वीस टॅब आणि वर क्लायंटचा व्हिडिओ कॉल असं एकत्र आलं की तो दमतो, आणि तेव्हा दर वेळी मला ते सोळा आठवतात. चुंबकाची पिन मात्र एकदाही आठवली नाही, सोफाच हलवला.

म्हणून मी उलट विचारतो की तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपला नेमकं काय झालंय, आणि नव्यातले ते जास्तीचे पैसे त्याच्यावर खर्च होतायत का. आणि उत्तर दर वेळी "जुना घ्या" असं नसतं. मार्च २०२५ मध्ये एम४ चा एअर आला तेव्हा तो ९९,९०० ला आला, आधीचा एम३ १,१४,९०० ला आला होता, आणि सोळा जीबी आता बेसमध्येच. मावसबहिणीला मी एका मिनिटात घे म्हटलं. तिला वाटलं मी टाळतोय.

कधीकधी तर किंमत हा मुद्दाच नसतो. भाच्याला मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन मिळाली, त्याला मॅकच हवा होता कारण मित्राकडे आहे. कॉलेजात सॉलिडवर्क्स, हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, ते विंडोजवर चालतं, आणि या नव्या चिपांच्या मॅकवर पूर्वीसारखं बूटकॅम्प (मॅकवर विंडोज टाकायची सोय) वापरून विंडोज टाकता येत नाही. मग त्यात स्वस्त काय नि महाग काय. ओळखीचे एक प्रेसवाले आहेत, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक करतात, त्यांची वीस वर्षांची कामं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही विंडोजवर. त्यांना मी लॅपटॉप सोडा, अपडेट करायलासुद्धा सांगत नाही.

आता काकांचं. त्यांचा लॅपटॉप २०१६ चा, चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की तो तयार. तीन वर्षांपूर्वी त्यांना पन्नास हजारांचा नवीन घ्यायचा होता, मी त्यांना घेऊन ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात हार्डडिस्क काढून एसएसडी (फाइली ठेवायला तिच्याहून खूप फास्ट) टाकून घेतली, अडीच हजारांत काम झालं, परत येताना काका ट्रेनमध्ये तो पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघत होते. पण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, काकांचा सहावा. सोसायटीचे हिशोब आणि बँकेचं सगळं त्याच्यावरच, त्यामुळे या वेळी काकांचं बरोबर आहे, घ्यायलाच हवा. फक्त दुकानदाराने त्यांना एआयवाला दाखवलाय, त्यात एआयच्या कामांसाठी एनपीयू म्हणून वेगळा भाग असतो, आणि काका मला विचारतायत की एनपीयूने मेंटेनन्सची थकबाकी वसूल होते का.

नाही होत काका. साधाच घ्या, पण सोळा जीबीचा, आणि पुढे वाढवायला रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे का तेवढं विचारून. आणि जुना एक्स्चेंजला देऊ नका लगेच, शनिवारी सकाळी घेऊन या, त्यातली एसएसडी काढू, दोन-चारशेच्या केसमध्ये टाकली की बॅकअपला चालेल.